न धुतलेलं मडकं

वेंगुर्ल्याच्या आमच्या घरात आंबोळीच्या पिठाचं मडकं वेगळं होतं. त्यात दुसरं काही ठेवायचं नाही आणि ते घासायचंही नाही. पीठ संपलं की आई त्यात तांब्याभर पाणी ओतायची, एकदा हात फिरवायची, ते पाणी माडाच्या आळ्यात टाकायची आणि मडकं चुलीशेजारच्या कोनाड्यात पालथं घालायची. आतून त्याला पांढुरका साका धरलेला असे. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. होऊन मी सुट्टीला घरी आले तेव्हा पहिला हात त्या मडक्यावर टाकला. राख आणि काथ्या घेऊन घासलं, वर उकळतं पाणी ओतलं, दिवसभर उन्हात ठेवलं. त्या रात्री घातलेलं पीठ सकाळी जसंच्या तसं बसलेलं. घरात पाहुणे होते. आई एवढंच म्हणाली, "मडक्याचो जीव काढलंस गो."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. आंबवणारे जीवाणू उडदावर असतात, तांदळावर असतात, पीठ आज ना उद्या येणारच. मडकं नुसता वेळ वाचवतं. हे उत्तर शास्त्राला धरून होतं आणि आजही आहे. पण 'नुसता वेळ वाचवतं' या तीन शब्दांत माणसाच्या फार जुन्या धंद्याचं मूळ आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं. तो धंदा बियर गाळण्याचा.

मी एकतीस वर्षं कॉलेजात शिकवलं. पहिल्या तासाला मुलांना सांगायचं ते निर्जंतुकीकरण: ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर पंधरा मिनिटं, तारेचा लूप ज्योतीत लाल होईपर्यंत, बशीचं झाकण चार बोटांपेक्षा जास्त उघडायचं नाही. हवेतलं काही आत पडलं की प्रयोग फुकट. मग लेक ब्रुसेल्सला नोकरीला गेली, आणि एका नोव्हेंबरात तिच्याकडे गेले असताना तिने मला आंदरलेख्त भागातल्या कांतियों नावाच्या बियरच्या जुन्या कारखान्यात नेलं. १९०० साली सुरू झालेलं हे घराण्याचं दुकान. १९७८ पासून त्यांनी तेच संग्रहालय म्हणूनही उघडं ठेवलं आहे. वर्षातून एकदोनदा बियर चढवण्याच्या दिवशी कुणालाही आत येऊन बघता येतं.

खाली धान्य गरम पाण्यात मुरत होतं. मोड आणून वाळवलेली बार्ली आणि तिच्या साधारण निम्मा कच्चा गहू. मोड आणून वाळवणं म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नाचणीचं सत्त्व आपण तसंच करतो. दाण्याला मोड फुटला की त्याच्यात पिष्टमय भाग फोडून साखर करणारी विकरं तयार होतात. यीस्टला साखर खाता येते, पिष्ट खाता येत नाही. म्हणून द्राक्षाची दारू आपोआप होते, धान्याची होत नाही. आधी दाणा जागा करावा लागतो, मग गरम, पण न उकळत्या पाण्यात त्याच्या विकरांना काम करू द्यावं लागतं, तेव्हा कुठे गोड पाणी मिळतं. त्यात हॉप्सची फुलं घालून ते कित्येक तास उकळतात. इथे हॉप्सही मुद्दाम दोनतीन वर्षं जुने, कडवटपणा गेलेले वापरतात, कारण त्यांच्याकडून चव नको असते, सडवणाऱ्या जीवाणूंना आवर हवा असतो.

आणि मग संध्याकाळी आम्ही लाकडी जिन्याने माळ्यावर गेलो. कौलांच्या खाली, माळाभर पसरलेली एक तांब्याची परात. परातच म्हणते, कारण तिला दुसरा शब्द शोभत नाही: जेमतेम गुडघाभर उंचीची कड आणि आत सुमारे साडेसात हजार लिटर उकळतं गोड पाणी. छपराच्या फटी उघड्या. भिंतींतल्या झडपा उघड्या. वाफ इतकी की समोरच्या माणसाचा चेहरा दिसेना. कडेच्या तुळयांवर कोळ्यांची जाळी, आणि ती कुणी काढत नाही, कारण फळमाश्यांचा बंदोबस्त कोळी करतात. रात्रभर ते पाणी तसंच उघडं ठेवायचं. बाहेरच्या थंडीने पहाटेपर्यंत ते वीस अंशांच्या आसपास येतं. त्यात कुणी यीस्ट घालत नाही. जे पडायचं ते हवेतून पडतं, तुळयांवरून पडतं. सकाळी ते लाकडी पिंपांत भरतात आणि पिंपात ते एक, दोन, तीन वर्षं राहतं.

माझ्या तोंडाला कोरड पडली होती. एकतीस वर्षं जे होऊ नये म्हणून मुलांवर ओरडले, ते इथे साडेसात हजार लिटरांवर, ठरवून, चाललं होतं.

या बियरला लॅम्बिक म्हणतात. ब्रुसेल्स आणि त्याच्या पश्चिमेचा पायोटनलांड नावाचा शेतीचा पट्टा, सेन नदीचं खोरं, एवढाच तिचा मुलूख. ती फक्त थंडीत करतात, साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, कारण उन्हाळ्यात हवेत नको ते फार असतं. एका पिंपात काय घडतं याचा माग लूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७०च्या दशकात लावला, आणि तो क्रम मला पाठ आहे. पहिले काही आठवडे आतड्यातल्या जीवाणूंच्या भाऊबंदांचं राज्य. या काळात पिंपाचा वास घेववत नाही. मग सॅकरोमायसिस हे यीस्ट उठतं आणि तीनचार महिन्यांत बहुतेक सगळी साखर संपवून मद्यार्क करतं. त्यानंतर पेडिओकॉकस हे जीवाणू येतात आणि आंबटपणा वाढवतात. बियर काही काळ तेलासारखी तार धरते. आणि शेवटी, आठेक महिन्यांनी, सावकाश चालणारं ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट ती तार मोडतं, बाकीच्यांनी टाकलेलं खातं आणि त्या बियरला तिचा वास देतं. मी चाखली ती दोन वर्षांची होती. फेस नव्हता. कैरीच्या सालीसारखी आंबट-तुरट, आणि मागून पावसात भिजलेल्या गवताच्या गंजीचा वास.

मला वाटलं होतं की सगळी जादू त्या माळ्याच्या हवेत आहे. पिंपं भरणाऱ्या माणसाने ते मानलं नाही. तो मला खालच्या मजल्यावर घेऊन गेला आणि एका रिकाम्या पिंपाच्या भोकातून आत बघायला लावलं. ओक लाकूड, काळपट, आतून घट्ट बसलेला राप. तो म्हणाला, आम्ही हे धुतो. गरम पाणी घालतो, आत लोखंडी साखळ्या टाकतो आणि पिंप गरागरा फिरवतो. पण लाकूड धुतलं तरी लाकूडच राहतं.

पुढे वाचताना दिसलं की अलीकडच्या तपासण्याही त्याच्याच बाजूच्या आहेत. पिंपांच्या आतल्या भिंतींवर आणि कारखान्याच्या इमारतीत तेच यीस्ट, तेच जीवाणू सापडतात जे बियरमध्ये काम करतात. हवा दरवेळी नवे पाहुणे आणते. पिंपाच्या लाकडात मात्र घरची मंडळी मुक्कामाला असतात. गोड पाणी उघड्यावर ठेवलं की खाण्यासाठी शर्यत लागते, आणि मागच्या वेळी ज्यांनी चांगलं काम केलं त्यांना न धुतलेलं भांडं शर्यतीत चार पावलं पुढे उभं करतं. आईचं मडकं हेच करत होतं.

मग बियर सुरू झाली तेव्हा पहिल्या भांड्यात यीस्ट आलं कुठून? मुलांना विचारलं तर ती म्हणत, "हवेतून." मीही तसंच शिकवायची. पण दारू करू शकणारं सॅकरोमायसिस रानात इतकं सहज भेटत नाही. रॉबर्ट मॉर्टिमर आणि त्यांच्या इटलीतल्या सहकाऱ्याने १९९९ साली द्राक्षमळ्यांत एकेक मणी तपासला. चांगल्या, न फुटलेल्या मण्यांवर हे यीस्ट हजारांत एखाद्यावर. फुटलेल्या, किड्यांनी चावलेल्या मण्यांत मात्र चारांतल्या एकावर. म्हणजे ते वाऱ्याने नव्हे, कुणाच्या तरी तोंडातून येत होतं. २०१२ साली फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी तो कुणीतरी दाखवून दिला: गांधीलमाशी. थंडी पडली की मळ्यात द्राक्षं नसतात, यीस्टला राहायला जागा नसते. पण गांधीलमाशीची राणी ते आपल्या आतड्यात घेऊन हिवाळा काढते, वसंतात पोळं बांधते आणि अळ्यांना भरवताना त्यांच्या पोटात ते देते. त्या मोठ्या होऊन पुन्हा द्राक्षं चावतात. आमच्या कोकणात घराच्या वळचणीला गांधीलमाशीचं पोळं दिसलं की आम्ही चूड लावतो. तो निबंध वाचल्यावर मी बराच वेळ त्या पोळ्यांचाच विचार करत बसले.

धान्याला गांधीलमाशी चावत नाही. म्हणून पहिल्या बियरकरांनी फळ किंवा मध घातला असणार, असं मला ठामपणे वाटतं, आणि पुरावाही तसाच बोलतो. चीनच्या हेनान प्रांतात जियाहू इथे सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापरांत पॅट्रिक मॅकगव्हर्न यांना तांदूळ, मध आणि फळ यांच्या एकत्र आंबवलेल्या पेयाच्या रासायनिक खुणा मिळाल्या. २००४ साली त्यांनी त्या छापल्या. पोट तांदळाने भरायचं, पण आंबवणारं आणायचं फळाने आणि मधाने. पेयातलं फळ हे त्याचं विरजण होतं. त्याहूनही मागे जायचं तर हैफाजवळच्या रकेफेत गुहेत, जिथे नातुफी लोक आपली माणसं पुरत, तिथल्या दगडी उखळांत स्टॅनफर्डच्या ली लिऊ यांना मोड आणून आंबवलेल्या धान्याच्या खुणा दिसल्या. ती उखळं सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे शेती सुरू होण्याआधीची. या निष्कर्षाशी सगळे सहमत नाहीत. पण उखळ खडकातच कोरलेलं असलं की ते उचलून घासता येत नाही, एवढं मी माझ्या अनुभवावरून सांगू शकते.

इराणच्या पश्चिमेला झाग्रोस डोंगरात गोदिन तेपे म्हणून ठिकाण आहे. तिथल्या एका मोठ्या रांजणाच्या आतल्या बाजूला मुद्दाम आडव्यातिडव्या चिरा पाडलेल्या होत्या. त्या चिरांत एक पिवळट थर साठला होता. १९९२ साली त्याची तपासणी झाली, तेव्हा तो निघाला कॅल्शियम ऑक्झॅलेट: बियर साठवलेल्या भांड्याच्या तळाला बसणारा दगडी साका. रांजण इ.स.पू. ३५०० ते ३१०० च्या सुमाराचा. सुमेरमध्ये तेव्हा नुकती लिपी घडत होती, आणि बियरचं त्यांचं चिन्ह म्हणजे टोकदार बुडाचं मडकं, ज्याच्या आत रेघा आहेत. त्या रेघा म्हणजे या चिराच असाव्यात, असं तपासणाऱ्यांनी सुचवलं. मला ते पटतं. रांजणाला चिरा कोण पाडतो? ज्याला साका धरून राहायला हवा आहे तो.

चिरांमुळे साका राहिला, आणि साका राहिला म्हणून आपल्याला कळलं. उत्खननात मिळालेली खापरं टबात टाकून ब्रशने स्वच्छ घासायची, ही पुरातत्त्वातली जुनी रीत. किती रांजणांनी आपली गोष्ट त्या टबात टाकली असेल! इंग्लंडातल्या डेल्वेन सॅम्युएल यांनी तेच टाळलं. इजिप्तमध्ये देइर-एल-मदीना आणि अमार्ना इथल्या कामगारांच्या वस्त्यांतली, तीन हजार वर्षांहून जुनी, न धुतलेली खापरं त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातली चित्रं मी वर्गात दाखवत असे. विकरांनी पोखरलेले पिष्टाचे कण, त्यांच्यावर पडलेले खड्डे. आणि शेजारी यीस्टच्या पेशी, काही तर कळी काढतानाच वाळलेल्या. इजिप्तचे लोक अर्धवट भाजलेला पाव कुस्करून बियर करत, असं शंभर वर्षं पुस्तकांत छापत आले होते. ते या खड्ड्यांनी खोडलं. कच्चा मोड आणि शिजवलेलं धान्य असे दोन वाटे करून ते एकत्र करत होते.

याच्याही पुढची पायरी २०१९ ची. इस्राएलच्या संशोधकांनी फिलिस्ती, इजिप्शियन आणि जेरुसलेमजवळच्या जुन्या मातीच्या भांड्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून जिवंत यीस्ट बाहेर काढलं. ते त्याच भांड्यातल्या जुन्या वसाहतीचे वंशज आहेत, असं त्यांचं म्हणणं. तुलनेसाठी त्यांनी ज्या भांड्यांत कधी मद्य नव्हतं तीही तपासली होती. त्या यीस्टची त्यांनी बियर करून प्यायली. हजारो वर्षं मातीखाली पडलेल्या मडक्याने विरजण सांभाळलं! ते वाचलं त्या रात्री आईचे शब्द पहिल्यांदा शास्त्रीय विधान म्हणून माझ्या कानांत उमटले. मडक्याला खरंच जीव होता, आणि मी तो खरंच काढला होता.

सुमेरच्या बियरची देवी निनकासी. तिचं स्तोत्र इ.स.पू. १८०० च्या सुमाराचं, मिगेल सिविल यांनी १९६४ साली त्याचं भाषांतर केलं. त्यात धान्य भिजवणं आहे, मोड आणणं आहे, शिजवलेलं धान्य चटयांवर पसरणं आहे, भांड्यावर भांडं ठेवून गाळणं आहे, शेवटी ओतताना दोन मोठ्या नद्यांची उपमा आहे. यीस्ट घातल्याचा उघड उल्लेख मात्र नाही. पुष्कळांना हे कोडं वाटतं. मला वाटत नाही. आंबोळीची कृती आईला विचारा. तांदूळ सांगेल, उडीद सांगेल, मेथीचे चार दाणे सांगेल. मडकं सांगणार नाही. ते कृतीत नसतं, कोनाड्यात असतं.

इंग्लंडात पंधराव्या शतकात नॉरिचचे बियरवाले पिंपावर चढणाऱ्या फेसाला 'देवाची कृपा' म्हणत, आणि ती विकायची नाही, शेजाऱ्याला द्यायची, अशी रीत होती. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध कायद्यात बियरला फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी असे तीनच जिन्नस मान्य आहेत. चौथा जिन्नस, यीस्ट, त्यात लिहिलेलाच नाही.

आपल्याकडे त्याला नाव होतं, आणि हे मी थोड्या अभिमानाने लिहिते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचं प्रकरण आहे. मुंबई विद्यापीठाने छापलेली कंगल्यांची आवृत्ती मी वाचनालयात बसून उघडली. मेदक नावाच्या तांदळाच्या मद्याचं माप तिथे दिलं आहे: पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक आणि किण्व तीन प्रस्थ. किण्व हा वेगळा, मोजून घालायचा जिन्नस. आणि ते किण्व करायचं कसं, तेही दिलं आहे: उडदाचं पीठ, कच्चं किंवा शिजवलेलं, त्यात एक तृतीयांशाने जास्त तांदूळ, आणि मोरटा वगैरे वनस्पती एकेक कर्ष. उडीद आणि तांदूळ! प्रमाण निराळं, पण आमच्या मडक्यातलंच पीठ. चार्वाकमताच्या लोकांनी तर याच किण्वावरून चैतन्याचा दाखला दिला. किण्वापासून जशी मदशक्ती उपजते तशी पंचमहाभूतांतली चार एकत्र आली की त्यांतून जाणीव उपजते, असं ते म्हणत. आज आपण आंबण्याच्या क्रियेला किण्वन म्हणतो, तो शब्द तिथून आला. आमच्या कॉलेजच्या पाठ्यपुस्तकात तो शब्द पानोपानी होता, पण कुठून आला हे त्यात एका ओळीनेही नव्हतं.

कोकणात आणि गोव्यात रानटी यीस्टचं काम अजून उघड्यावर चालतं. माडाच्या पोयीला लावलेल्या मडक्याला आतून चुना फासला तर सकाळी नीरा मिळते, न फासता तेच मडकं पुन्हा लावलं तर माडी. काजूच्या बोंडांचा रस भांड्यात नुसता ठेवला की दोनतीन दिवसांत आपोआप उकळ्या मारल्यासारखा खदखदतो, आणि त्याचीच पुढे हुर्राक आणि फेणी होते. तो रस खदखदताना मी लहानपणी कान लावून ऐकला आहे. ब्रुसेल्समध्ये पिंपाच्या भोकाला कान लावला तेव्हा तोच आवाज होता, फक्त सावकाश.

भांड्यातलं विरजण जपण्याची मला ठाऊक असलेली सर्वांत देखणी वस्तू नॉर्वेतली आहे. तिकडच्या शेतकरी घरांत बियरच्या यीस्टला क्वेइक म्हणतात. ते साठवण्यासाठी लाकडाचे छोटे छोटे तुकडे एकमेकांत अडकवून गुंफलेली एक माळ असते, पुष्कळ कोपरे, पुष्कळ खाचा असलेली. आंबत्या बियरमध्ये ती बुडवायची, बाहेर काढून टांगायची, सुकू द्यायची. पुढच्या सणाला बियर करायची वेळ आली की तीच माळ नव्या गोड पाण्यात सोडायची. काही घरांत भोकं पाडलेला ओंडका असे. अशा यीस्टच्या आज तपासण्या झाल्या आहेत. ते रानटी राहिलेलं नाही. पंचवीसच्या ऐवजी पस्तीस-चाळीस अंशांच्या उष्णतेतही झपाट्याने काम करणारं, सुकून पुन्हा उठणारं असं ते घडलं आहे. त्याला घडवलं त्या लाकडाच्या खाचांनी आणि सुकवणाऱ्या हातांनी.

यीस्ट घरचं झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे लूव्हेनच्याच केव्हिन व्हर्स्ट्रेपेन यांच्या गटाने २०१६ साली १५७ यीस्टांचे जनुक वाचून दाखवलं. वाइनचं यीस्ट हंगामापुरतं तळघरात येतं आणि उरलेलं वर्ष मळ्यात, माश्यांच्या पोटात काढतं. म्हणून ते अजून अर्धं रानातलं आहे. बियरचं यीस्ट बारा महिने भांड्यातून भांड्यात गेलं. त्याने बार्लीची माल्टोज साखर पचवण्याची जनुकं वाढवली, लवंगेसारखा वास देणारी जनुकं पुष्कळदा गमावली, बीजाणू धरून जोडी करण्याची ताकदही बरीचशी सोडली. आजच्या बियर-यीस्टांच्या घराण्यांचे पूर्वज सोळाव्या-सतराव्या शतकाच्या आसपासचे निघाले. लेव्हनहूकने बियरच्या थेंबात यीस्टचे गोळे पहिल्यांदा पाहिले ते १६८० साली. म्हणजे कुणी त्याला डोळ्यांनी पाहण्याआधीच ते माणसाळलं होतं, बियरवाल्यांनी दर वेळी चांगल्या पिंपाचा फेस पुढच्या पिंपात घातला म्हणून.

मग १८८३ साली कोपेनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियन हान्सन यांनी एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट कारखान्याच्या पिंपात घातलं. तो माझ्या विषयाचा मोठा दिवस, आणि मी तो तसाच शिकवला. कार्ल्सबर्गने ते यीस्ट इतर कारखान्यांना मोकळ्या हाताने वाटलं. बियर बिघडणं जवळजवळ थांबलं. आणि त्याबरोबर कोनाड्यातली मडकी, टांगलेल्या माळा, जुनी पिंपं एकेक करत घासली गेली. १९०४ साली कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेन यांनी इंग्लिश बियरमधलं सावकाश चालणारं यीस्ट ओळखून त्याला ब्रेटानोमायसिस नाव दिलं. लॅम्बिकमधलं शेवटचं काम करणारं तेच. शुद्धतेच्या घरातूनच त्याला नाव मिळालं, पण बहुतेक कारखान्यांत त्याला पुढे सडका म्हणून हाकललं गेलं. हान्सनबद्दल माझा आदर कमी झालेला नाही. दूषित बियरने धंदे बुडत होते, माणसं देशोधडीला लागत होती. तरी नॉर्वेतली किती घरं आपली माळ विसरली असतील, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

कार्ल्सबर्गचं ते यीस्ट संकरित होतं. अर्धं बियरचं घरगुती सॅकरोमायसिस, अर्धं कुणीतरी थंडी सोसणारं रानातलं. ते रानातलं कोण, हे सव्वाशे वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. २०११ साली अर्जेंटिनाच्या पातागोनियात, बारिलोचेजवळच्या थंड जंगलांत, दिएगो लिबकिंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते सापडलं: दक्षिणी बीच झाडांच्या फांद्यांवर एक नारिंगी, लिंबाएवढी बुरशी धरते, तिच्यात साखर असते, आणि त्या साखरेत ते यीस्ट होतं. नाव ठेवलं सॅकरोमायसिस युबायानस. पुढे ते तिबेटमध्ये मिळालं, चीनमध्ये मिळालं. युरोपात मात्र, जिथे ही संकरित जात जन्मली, तिथे कितीतरी वर्षं मिळेना. मिळालं ते २०२२ साली, डब्लिनच्या विद्यापीठाच्या आवारातल्या मातीत. माती गोळा केली होती पदवीच्या मुलांनी, त्यांच्या प्रकल्पासाठी.

माझ्या शेवटच्या वर्षीच्या मुलांना मीही असाच प्रकल्प दिला होता. करवंदं, जांभळं, काजूची पडलेली बोंडं आणि ऐनाच्या झाडाची साल पिशव्यांत भरून त्यांनी आणली होती. साल काढताना एकीला गांधीलमाशी चावली आणि हात टम्म सुजला. बश्यांवर निरनिराळे ठिपके उगवले, पांढरे, गुलाबी, एक तर चकचकीत मलई रंगाचा. मलई रंगाचा कोण, ते ओळखायच्या आत वर्ष संपलं आणि नियमाप्रमाणे सगळ्या बश्या ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या. १२१ अंश, पंधरा मिनिटं. त्या बश्या मीच आत ठेवल्या होत्या.